पहिल्या दिवशी दप्तर देऊ नका

खानापूरकडच्या, सध्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत नोकरीला असलेल्या एका तरुणानं विचारलंय: "सीबीटीवर, म्हणजे बसस्टँडवर, आणि रेल्वे स्टेशनबाहेर रस्त्यावरची आठ-दहा मुलं रोज दिसतात. आम्ही सहा मित्र दर रविवारी त्यांना जेवण वाटतो. आता एक खोली भाड्यानं घेऊन मुलांना तिथं ठेवावं, शाळेत घालावं आणि मोठ्यांना वेल्डिंग-टर्निंग शिकवावं असं मनात आहे. सुरुवात कशी करावी?"

प्रश्न वाचून मला माझंच पंचवीस वर्षांपूर्वीचं डोकं आठवलं. म्हणून आधी काय करू नका ते सांगते, राग मानू नका.

मुलांना ठेवायला खोली घेऊ नका. निराधार पोरांना रात्री ठेवून घेणारी कुठलीही जागा कायद्याच्या नजरेत बालसंगोपन संस्था ठरते. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ४१ प्रमाणे तिची नोंदणी लागते. नोंदणी नसेल तर कलम ४२ खाली चालवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते किंवा किमान एक लाख रुपये दंड होतो, किंवा दोन्ही. तुमचा हेतू किती चांगला होता, हे तिथं कुणी विचारत नाही, आणि ते बरोबरच आहे. आश्रम या शब्दाआड काय काय चालतं ते मी पाहिलंय.

रविवारच्या जेवणाचंही तसंच. एका गटाचा पुलाव, दुसऱ्याची केळी, तिसऱ्याचे वाढदिवसाचे बॉक्स. शनिवारी आईकडं गेलेलं पोर रविवारी सकाळी स्टँडवर परत येतं, कारण घरात त्या दिवशी आमटी-भात आणि इथं बिर्याणी. जेवण एकदम बंद करा असं म्हणत नाही. पण रांगेत वाटू नका. त्यांच्याबरोबर खाली बसा आणि तुम्हीही तेच खा. आणि फोटो टाकणं आजपासून बंद. मदतीची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणं हा कलम ७४ खाली गुन्हा आहे. चेहऱ्यावर गोल ठिपका लावला म्हणजे झालं असं समजू नका, मागची टपरी बघून सगळं गाव ओळखतं.

आता माझी चूक सांगते. पहिल्या वर्षी मी एका दहा वर्षांच्या पोराला नवं दप्तर, दोन गणवेश, कंपासपेटी असं सगळं एकदम दिलं. तिसऱ्या दिवशी दप्तर भंगारवाल्याकडं. मी चिडले. दोन महिने त्याच्याशी धड बोललेसुद्धा नाही. पुढं कधीतरी त्यानंच सांगितलं, "अक्का, ठेवू कुठं ते?" रस्त्यावर ज्याच्याकडं वस्तू असते त्याला रात्री मार बसतो. मोठ्या पोरांनी हिसकावून घेण्याआधी त्यानं विकून वीस रुपये केले. त्याचा हिशेब बरोबर होता, माझाच चुकला होता. त्याला दप्तराआधी कुलूप लागणारा पत्र्याचा डबा हवा होता.

म्हणून खोली घ्यायचीच असेल तर दिवसाची घ्या. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. एक नळ, एक संडास, आरसा, आणि भिंतीला कुलपांचे डबे. रात्री कुणी राहायचं नाही. सुरू करण्याआधी जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन लेखी कळवा आणि त्या पत्राची पोच घ्या. ही खोली म्हणजे शाळाही नव्हे आणि वसतिगृहही नव्हे. रस्ता आणि शाळा यांच्यामधली ती पायरी आहे. आमच्याकडच्या बहुतेक प्रयत्नांत नेमकी हीच पायरी कुणी बांधलेली नसते.

त्याच्याही आधी एक वही घ्या. महिनाभर तीन वेळा जा: पहाटे, भर दुपारी आणि रात्री साडेदहानंतर. तुम्हाला दिसणारी आठ-दहा मुलं रात्री तेवढी नसतील. काही संध्याकाळी शहापूर, वडगाव, नाहीतर शहराबाहेरच्या पालांवर आपापल्या घरी जातात. ती कमावती पोरं. काही आईबापांसकट तिथंच झोपतात. अगदी एकटी उरतात ती थोडी. तिघांचा इलाज वेगवेगळा आहे, आणि तिघांना एकाच टोपलीत घातलं की काम फसतं.

घरी जाणाऱ्या पोराला संस्थेची गरज नसते. त्याच्या आईच्या हातात तो आणतो तेवढे पैसे यायला हवेत. मिशन वात्सल्य योजनेत प्रायोजकत्व म्हणून मुलामागं महिन्याला ४,००० रुपये मिळू शकतात. आई विधवा किंवा टाकलेली आहे, पालक गंभीर आजारी आहेत अशा काही अटी आहेत, आणि शहरातल्या कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ९६,००० रुपयांच्या आत लागतं. अर्ज करताना घाम फुटतो. तुमच्यातल्या एकानं नुसतं हे अर्ज भरण्याचं काम अंगावर घेतलं तरी रविवारच्या शंभर ताटांपेक्षा जास्त होईल.

एकटं मूल दिसलं की मात्र स्वतःच्या घरी नेऊ नका. १०९८ ला, म्हणजे मुलांच्या मदतीच्या क्रमांकाला, फोन करा. कलम ३१ प्रमाणे तुम्ही स्वतःसुद्धा मुलाला बाल कल्याण समितीपुढं नेऊ शकता, पण प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. त्या दिवशी बैठक नसेल तर एका सदस्यापुढं नेलं तरी चालतं. पुढं घरची चौकशी होते, तिचा अहवाल पंधरा दिवसांत यावा आणि मूल प्रथम हजर केल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश व्हावा, असा कायदा आहे.

सीमाभागाची खरी गंमत इथून सुरू होते. गोवा एक्स्प्रेस वास्कोहून निघते, लोंढ्यावरून बेळगाव, मिरज करत निजामुद्दीनला जाते. म्हणजे सांगली-साताऱ्याकडं घरातून रुसून निघालेलं पोर गोव्याला जायचं म्हणून बसतं आणि आमच्याकडं नाहीतर लोंढ्यात उतरतं. त्याला त्याच्या जिल्ह्यात परत पाठवायचं तर दोन राज्यांच्या समित्यांचा पत्रव्यवहार आला, कलम ९५ आलं, पोलिसांची सोबत आली, मुलगी असेल तर महिला पोलीस आली. इकडचा अहवाल कन्नडमध्ये आणि तिकडच्या समितीला हवा मराठीत. कागद तिथं नुसता पडून राहतो, वाईट हेतू कुणाचा नसतो. मी माझ्याकडून प्रत्येक अहवालाला मराठी गोषवारा जोडायला लागले तेव्हापासून फरक पडला. तुम्ही खानापूरचे, दोन्ही भाषा तुमच्या तोंडात आहेत. हे काम पैशानं विकत मिळत नाही.

एक किस्सा राहवत नाही म्हणून सांगते. इकडं सरकारी बालगृहाला बालमंदिर म्हणतात. मिरजेकडच्या एका आईला फोन गेला, "तुमचा मुलगा बालमंदिरात आहे." ती बाई संतापली, "अहो, पाचवीतला पोरगा माझा, त्याला बालमंदिरात कशाला बसवलाय?" तिच्या डोळ्यासमोर छोटे बाक आणि चिवचिव करणारी चार वर्षांची पोरं. समजावून सांगताना मला हसू आणि रडू बरोबरच आलं.

आणि हो, पोर नाव खोटं सांगणारच. गावही खोटं. पहिल्या महिन्यात तीन नावं ऐकायला मिळाली तर उलटतपासणी घेऊ नका. खरं नाव एखाद्या दिवशी जेवताना आपोआप येतं.

आता शाळा. वय अकरा आणि अक्षरओळख शून्य. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे त्याला वयानुसार वर्गात घालायचं आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचं. हे प्रशिक्षण किमान तीन महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं. प्रत्यक्षात काय होतं? पोराला थेट पाचवीत बसवतात. चौथ्या दिवशी वाचायला उभं करतात. पाचव्या दिवशी पोर स्टँडवर. पहिलीत बसवलं तर लाजेनं पळतं. कर्नाटकात अशा मुलांसाठी चिन्नर अंगळ नावाचे सेतूवर्ग चालत. योजनांची नावं बदलत राहतात, म्हणून क्षेत्र शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात नाव न घेता 'शाळाबाह्य मुलाचं विशेष प्रशिक्षण' असंच विचारा आणि कलम सांगून विचारा.

हेडमास्तर टी.सी. मागतील, जन्मदाखला मागतील. कलम ५ आणि १४ प्रमाणे यातला कुठलाही कागद नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. पण हेडमास्तरांशी भांडू नका. त्यांचीही अडचण खरी असते. त्यांना पोराची नोंद सॅट्समध्ये, म्हणजे कर्नाटकच्या विद्यार्थी नोंदणीच्या ऑनलाइन प्रणालीत करायची असते, आणि महाराष्ट्रातून आलेल्या पोराची नोंद तिकडच्या सरल प्रणालीवर असते. दोन वेगळी दुकानं. मी त्यांच्यासमोर बसून अर्ज लिहून देते, वय सांगणारं प्रतिज्ञापत्र जोडते आणि चहा पिऊनच उठते. वर्षभरात पोर चौदा पूर्ण करणार असेल तरी घाबरू नका. एकदा प्रवेश झाला की आठवीपर्यंतचं मोफत शिक्षण चौदा वर्षांनंतरही पुरं करता येतं.

माध्यम कुठलं, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारेल आणि वाद घालेल. आमचं पोर घरात मराठी बोलतं, कंडक्टरशी कन्नड, भंगारवाल्याशी दख्खनी. वाचता मात्र एकही येत नाही. मी एकच परीक्षा घेते: चिल्लर हातावर ठेवते आणि मोजायला सांगते. तोंडानं पुटपुटत ज्या भाषेत मोजेल त्या भाषेत पहिली अक्षरं. बहुतेक वेळा आमच्याकडं ती मराठी निघते, कधी कन्नड निघते, आणि जी निघेल ती मी मान्य करते. पण मराठी निघाली तरी वर्षाच्या आत कन्नड सुरू झालंच पाहिजे. २०१५ च्या राज्याच्या कायद्यानं शाळेत ते पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून सक्तीचं आहेच. तो कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. रेशनचा अर्ज, आयटीआयची सूचना, दवाखान्यातला बोर्ड हे सगळं त्याला आयुष्यभर वाचायचं आहे. सीमाप्रश्न १९५६ पासून चालू आहे, पोराचं वय अकरा आहे. मला यावरून दोन्ही बाजूंनी बोलणी खावी लागली आहेत, तुम्हीही खाल.

शिकवायला ते वाटतं तितकं अवघड नाही. बाराखडी आलेल्या पोराला कन्नडचं कागुणित अर्धं आलेलंच असतं, क-ख-ग-घ चा क्रम तोच, मात्रांचा विचारही तोच. अडतं कुठं, तर कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्व वेगळे, दीर्घ वेगळे. मराठी कानाला तो फरक लागत नाही. तेवढ्यावर दोन आठवडे द्या, बाकी पोर पळत सुटतं.

पंक्चरचं सोल्युशन किंवा व्हाइटनर हुंगणारी पोरं तुमच्या वहीत निघतीलच. त्यांच्याबद्दल दोनच गोष्टी. 'आधी सोड, मग ये' अशी अट घालू नका. ज्याला भूक आणि भीती विसरायला ते लागतं, त्याची भूक आणि भीती तशीच ठेवून ते सुटत नाही. दुसरी गोष्ट जिवाशी संबंधित: नुकतंच हुंगलेल्या पोराच्या मागं कधी धावू नका, त्याला दचकवू नका. अशा वेळी हृदयाची लय बिघडून जागच्या जागी मृत्यू येऊ शकतो. शांतपणे बाजूला बसा, मोकळ्या हवेत घ्या. उपचारासाठी सरकारी दवाखान्याचा मानसोपचार विभाग आहे, नाहीतर धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था. विकणाऱ्या दुकानदारावर बाल न्याय कायद्याचं कलम ७७ लागू शकतं, पण ते काम तुमचं नव्हे, पोलिसांचं.

तुमचा सगळा उत्साह वेल्डिंग-टर्निंगवर आहे, म्हणून यावर जरा सविस्तर. उद्यमबाग, मच्छे, होनगा म्हटलं की आपल्याला पहिली आठवते फाउंड्री, धातू ओतायचा कारखाना. आणि नेमकी तीच अठरा वर्षांखालच्यांना बंद आहे. धोकादायक प्रक्रियांच्या कायद्यातल्या यादीत फाउंड्री येते, आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोकादायक प्रक्रियेत लावता येत नाही. चौदाच्या आतल्याला तर कुठल्याच कारखान्यात कामाला ठेवता येत नाही. ओळखीचा मालक म्हणेल, "ताई, नुसता बघत बसेल की एका कोपऱ्यात." नको. तो कोपरा मी बघितलाय. एका कारखान्यात मी पाठवलेला सोळाचा पोरगा आठ महिने चहा आणत होता आणि वाळू उपसत होता. मशीनला त्याचा हात एकदाही लागला नव्हता. आठ महिने मी जाऊन बघितलं नाही, हा दोष माझा.

तेव्हापासून मी मालकाकडून एका कागदावर लिहून घेते: पहिल्या महिन्यात काय शिकवणार, तिसऱ्यात कुठल्या मशीनवर, शिकवणारा मिस्त्री कोण. आणि दर पंधरवड्याला न सांगता जाऊन येते. त्याआधी पोराला तीन वेगळ्या ठिकाणी एकेक आठवडा नुसतं बघायला पाठवते: दुचाकीचं गॅरेज, लेथचं वर्कशॉप, वायरमनच्या हाताखाली. दहातली आठ पोरं गॅरेज म्हणतात, कारण गाडी चालवायला मिळेल असं वाटतं. आठवड्यानं त्यातली निम्मी मत बदलतात.

आयटीआयचा रस्ता शेवटी सगळ्यात पक्का. वेल्डर आणि वायरमनला आठवी पास पुरतं. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियनला दहावी लागते. म्हणून पोराला आठवी पार करवणं हेच मोठ्या पोराचं खरं व्यवसाय प्रशिक्षण आहे. शाळेत बसण्याचं वय गेलं असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, म्हणजे एनआयओएसची दहावी चौदा वर्षं पूर्ण झाली की देता येते, आणि ती मराठीतूनही देता येते.

टर्नरच्या, म्हणजे लेथवरच्या कारागिराच्या वाटेवर पोरं अडतात ती दशांश चिन्हापाशी. व्हर्नियर हे बारीक मापं घ्यायचं साधन ०.०२ मिलीमीटरपर्यंत मोजतं. पोराला सव्वा, दीड, अडीच तोंडपाठ, पण ०.२५ दिसलं की थिजतं. मी वर्षभर फळ्यावर डोकं आपटलं. मग एका पोरानंच वाट दाखवली. भंगारवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ०.२५० दिसलं की तो झटकन 'पाव किलो' म्हणाला. तांबं, ॲल्युमिनियम, लोखंड, प्रत्येकाचा दर त्याला पाठ, गुणाकार तोंडी. आता आमचा दशांशाचा धडा काट्यापासूनच सुरू होतो आणि व्हर्नियर दोन महिन्यांनी येतं.

पण पोरगा काम सोडतो ते गणितामुळं नव्हे. सगळ्यात जास्त पोरं पहिल्या पगाराच्या आधी गेली. रस्त्यावर पैसा रोज संध्याकाळी हातात येतो. कारखान्यात पुढच्या महिन्याच्या सात तारखेला. मधले पस्तीस-छत्तीस दिवस तो खाणार काय? लोक म्हणतात, "रस्त्याची सवय लागलीय, काम नको असतं त्यांना." नाही हो, उपाशी राहायला नको असतं. मी मालकाशी आधीच बोलून ठेवते. पहिले दोन आठवडे रोज संध्याकाळी पैसे, मग दोन दिवसांनी, मग आठवड्यानं, मग पंधरवड्यानं. महिन्याच्या पगारापर्यंत यायला चार-पाच महिने लागतात. मालक तयार नसेल तर ती उचल आमच्या खोलीतून जाते आणि पगारातून वळती होते. तुम्ही सहाजण महिन्याला जे पैसे पुलावावर घालता, ते या उचलीच्या डब्यात घाला. फिरून परत येणारे पैसे आहेत ते, बहुतेक वेळा.

पैसे ठेवायचा प्रश्नही याच्यातच आला. पोरं आपली कमाई टपरीवाल्याकडं ठेवतात आणि तो अर्धी गिळतो. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतः चालवता येईल असं बचत खातं बँक उघडू शकते, आधार असेल तर. आधार होईपर्यंत तुमची वही हीच बँक, आणि तिच्यात पैचा घोळ होता कामा नये.

मुलींबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, कारण त्या तुम्हाला दिसल्या नाहीत. दहा-अकराच्या पुढं मुली रस्त्यावरून दिसेनाशा होतात. त्या सुखरूप आहेत असा त्याचा अर्थ नव्हे. वहीत एखादी मुलगी काल होती आणि आज नाही असं झालं तर त्याच दिवशी १०९८ ला कळवा, आठवडाभर वाट बघू नका. तुमच्या गटात दोन बायका असल्याशिवाय मुलींचं काम हातात घेऊ नका. आणि मुलगी म्हटलं की शिलाई मशीन आणून ठेवू नका. एका गल्लीत पाचव्या मशीनला गिऱ्हाईक कुठून येणार? आमच्या दोन मुली वायरिंग शिकल्या आणि आज बऱ्या कमावतात.

अठरा झाल्यावर बालगृहातून बाहेर पडलेल्या मुलाला एकवीसपर्यंत पुढची मदत मिळण्याची सोय बाल न्याय कायद्यात आहे, कलम ४६. पण त्याला पहिल्यांदा अडवतो तो घरमालक. "कुणाचा पोरगा? गाव कुठलं?" आमचा एक फिटर अनगोळात सहा खोल्या बघून आला, पगार दाखवूनही नकार. सातव्या ठिकाणी मी आई म्हणून सही केली. तुमच्यापैकी कुणाला असं नातं कागदावर लावायला जमेल का, ते आजच आपापसात बोलून घ्या. ती वेळ तीन-चार वर्षांनी येईल आणि तेव्हा तुमच्यातल्या दोघांची लग्नं झालेली असतील, एक पुण्याला गेलेला असेल.

म्हणून दहा पोरं घेऊ नका. सहाजणांत दोन पोरं, दोन वर्षं. बाकीच्या आठांची नावं वहीत ठेवा आणि १०९८ वर सोपवा.

येत्या रविवारी जेवण न घेता जा, वही खिशात ठेवून. पोरं विचारतील, "अण्णा, आज जेवण नाही?" नाही म्हणा, आणि तिथंच बसून राहा.